काळ्या गोट्यांचा काठ

बालीच्या ईशान्य कोपऱ्यात, कारांगासेम जिल्ह्यात, तुलांबेन नावाचं लांबट गाव आहे. विमानतळावरून गाडीने तीन तास तरी लागतात. दक्षिणेकडची भातखाचरं, दुकानं, गर्दी मागे पडते आणि आगुंग पर्वताला वळसा घालून रस्ता पलीकडे उतरला की जमीन एकदम कोरडी, करडी होते. ओढ्यांमध्ये पाण्याऐवजी काळे धोंडे दिसतात. डावीकडे डोंगर, उजवीकडे समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत गाव. पुळण अशी नाहीच. किनाराभर नारळाएवढे, मुठीएवढे काळेभोर गुळगुळीत गोटे पसरलेले आहेत. लाट मागे सरली की ते एकमेकांवर घासतात आणि साऱ्या किनाऱ्यावर खडखडाट होतो.

या गोट्यांवरून चालत जाऊन जेमतेम तीस-चाळीस मीटर पोहलं की एका बुडालेल्या जहाजापाशी पोचता येतं. मी त्याच्यासाठीच आले होते. माझं डाइव्हिंगचं शिक्षण तारकर्लीला झालं आणि पुढेही जिथे जिथे उतरले तिथे होडीतूनच. होडीने गेलं की किनारा मागे सुटतो आणि पाण्याखालचं जग गावापासून तुटलेला, स्वतंत्र प्रांत वाटायला लागतो. किनाऱ्यावरून उतरणारा डाइव्हर मात्र घरांच्या, देवळांच्या, बांधलेल्या शेळ्यांच्या शेजारून पाण्यात शिरतो आणि त्याच वाटेने वर येतो. खाली जे दिसतं त्याचा काठावरच्या डोंगराशी आणि माणसांशी काय संबंध आहे, हे त्या चालण्यातून समजेल अशी माझी अटकळ होती.

आधी जहाजाची हकिगत सांगते, कारण तिच्याशिवाय तुलांबेन समजत नाही. जहाजाचं नाव ‘लिबर्टी’. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने घाऊक संख्येने बांधलेली ‘लिबर्टी’ वर्गातली मालवाहू जहाजं प्रसिद्ध आहेत, त्यामुळे हेही त्यांतलंच असं पुष्कळ जण धरून चालतात. ते तसं नाही. हे त्याहून जुनं, १९१८ साली न्यू जर्सीत बांधलेलं, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीला अमेरिकन नौदलात चाकरी केलेलं जहाज. लांबी सुमारे १२० मीटर. जानेवारी १९४२ मध्ये ते ऑस्ट्रेलियाहून रबर आणि रेल्वेचे सुटे भाग घेऊन फिलिपाइन्सकडे निघालं होतं. ११ तारखेला लोंबोकच्या सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने त्याला गाठलं. एक अमेरिकन आणि एक डच विनाशिका त्याला ओढत बालीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या सिंगराजा बंदराकडे नेऊ लागल्या. पण पाणी इतकं भरत गेलं की वाटेतच, तुलांबेनच्या किनाऱ्यावर, जहाज चढवून ठेवावं लागलं. तिथे ते एकवीस वर्षं उघड्यावर पडून होतं. गावकऱ्यांनी त्यातलं कामाचं सामान आणि काढता येईल तेवढं लोखंड काढून नेलं.

मग १९६३ साल उजाडलं. आगुंग फेब्रुवारीत जागा झाला. त्याच सुमारास डोंगराच्या कुशीतल्या बेसाकी या बालीच्या मुख्य देवस्थानात ‘एका दशा रुद्र’ हा शंभर वर्षांतून एकदा करायचा महायज्ञ मांडलेला होता. १७ मार्चला मोठा उद्रेक झाला. हजाराहून जास्त माणसं गेली. बेसाकीचं मंदिर बचावलं, पण कितीतरी गावं राखेखाली गेली. उद्रेकाच्या धक्क्यांनी आणि वरून लोटत आलेल्या दगडमातीने किनाऱ्यावरचं ‘लिबर्टी’ घसरवून समुद्रात ढकललं. ते उताराला टेकून, किनाऱ्याला समांतर, कुशीवर आडवं झालं. त्याचा वरचा भाग पाण्याखाली पाचेक मीटरवर आहे आणि खालचा तीस मीटरच्या आसपास. म्हणजे नवशिक्यालाही वरचा भाग बघता येतो आणि मुरलेल्यालाही खाली काम उरतं. ज्या गोट्यांवरून आपण धडपडत जातो ते आगुंगचे, ज्या लोखंडावर प्रवाळ वाढलं आहे ते युद्धाचं, आणि दोघांची गाठ घालून देणाराही आगुंगच.

पहाटे साडेपाचला आम्ही किनाऱ्यावर पोचलो तेव्हा टँक आमच्या आधी निघाले होते. तुलांबेनला टँक वाहण्याचं काम गावातल्या बायका करतात. डोक्यावर कापडाची चुंबळ, तिच्यावर आडवा ठेवलेला टँक, कधी कधी एकावर एक असे दोन. भरलेला ॲल्युमिनियमचा टँक सोळा-सतरा किलोंचा असतो. रबरी चपला घालून, एक हातही न लावता, त्या बायका त्या सरकत्या गोट्यांवरून चालतात. मी रिकाम्या हाताने चालतानाही दर पावलाला जमीन चाचपत होते. आमच्याकडे कोकणात विहिरीवरून दुडीवर दुडी घेऊन चढणीने येणाऱ्या बायका मी लहानपणापासून पाहिल्या आहेत, त्यामुळे त्या चालीतलं कसब मला चटकन ओळखू आलं. मान स्थिर, नजर चार पावलं पुढे आणि सगळा तोल कमरेतून. या कामासाठी त्यांचा संघ आहे, पाळ्या ठरलेल्या आहेत आणि डाइव्हच्या पैशातला वाटा त्यांच्याकडे जातो. एका डाइव्ह सेंटरवाल्याने मला सांगितलं की हातगाड्या आणता येतील, पण तसं कुणी करत नाही. मला ते फार योग्य वाटलं.

पाण्यात शिरण्याची रीत आमच्या गाइडने नीट समजावून दिली. तिथे मोठ्या भावासारख्या माणसाला ‘ब्ली’ म्हणतात, मीही त्याला ब्लीच म्हणायचे. मास्क किनाऱ्यावरच चढवायचा. रेग्युलेटर तोंडात ठेवायचा, म्हणजे पडलात तरी श्वास आपल्या हातात राहतो. जॅकेटमध्ये थोडी हवा भरायची. फिन्स हातात घ्यायच्या आणि लाटांकडे बघत थांबायचं. लाटा गटागटाने येतात. मोठ्या सरल्या की मधे थोडी उसंत मिळते, तेवढ्यात जोडीदाराच्या खांद्याला धरून, पाय न उचलता सरकवत, कमरेएवढ्या पाण्यात जायचं आणि लगेच आडवं व्हायचं. त्या वेळी जो उभा राहायचा हट्ट धरतो त्याच्या घोट्यांची गोटे परीक्षा घेतात. आडवं झालं की त्याच समुद्राने आपल्याला उचललेलं असतं. अंगावरचा सगळा भार नाहीसा होतो आणि फिन्स चढवणं दोन क्षणांचं काम राहतं.

पाण्याखाली पहिले काही मीटर नुसती काळी वाळू. पहाटेच्या उजेडात ती जवळजवळ निळी दिसते. कानात दाब जाणवायला लागतो, नाक धरून तो फोडायचा. दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढत जातो, म्हणजे पहिल्या दहा मीटरमध्येच तो दुप्पट होतो, म्हणून कानाची काळजी सर्वांत जास्त वरच्या वरच घ्यावी लागते. पुढे वाळूतून एक काळपट भिंत वर आल्यासारखी दिसते, आणि जवळ जाईपर्यंत ती जहाजाची आहे हे कळत नाही. कारण लोखंड कुठे दिसतच नाही. त्याच्यावर स्पंज आहेत, मऊ प्रवाळ आहे, टणक प्रवाळ आहे, पंख्यासारखे पसरलेले सी फॅन आहेत. खडकासारखी कठीण, पक्की बैठक मिळाली की प्रवाळाच्या तरंगत्या अळ्या तिथे चिकटतात आणि वसाहत करतात. सरकत्या वाळूवर त्यांना ते जमत नाही. तुलांबेनच्या या वाळवंटात शेकडो फूट लांबीची पक्की बैठक एका दिवसात येऊन पडली आणि साठ वर्षांत ती अशी भरून गेली.

पहाटेच उतरायचं कारण म्हणजे बम्पहेड पोपटमासे. कपाळावर मोठं टेंगूळ असलेला हा पोपटमाशांतला सर्वांत मोठा प्रकार. पूर्ण वाढलेला मासा सव्वा मीटरपर्यंत जातो आणि चाळीस किलोंच्या पुढे भरतो. रात्री ते जहाजाच्या पोटात आसऱ्याला येतात आणि उजाडलं की चरायला बाहेर पडतात. ब्लीने हात आडवा धरून आम्हाला थांबवलं. जहाजाच्या एका मोडक्या दालनातून पहिला मासा बाहेर आला. हिरवट करडा, अंगावर ओरखडे, समोर उघडे पांढरे दात. त्याच्यामागे दुसरा, तिसरा, मग एकदम कळपच. ते घाबरत नाहीत आणि आपल्याकडे बघतही नाहीत. आम्ही जहाजाच्या कडेला सपाट होऊन, हळू श्वास घेत, त्यांना वाट दिली. एक मासा माझ्या हातभर अंतरावरून गेला. मास्कमधून वस्तू एक तृतीयांश मोठी दिसते हे माहीत असूनही त्याच्या आकाराने माझी छाती दडपली.

थोड्या वेळाने ते उतारावरच्या प्रवाळाला भिडले आणि आवाज सुरू झाला. जात्यात ज्वारी भरडावी तसा तो आवाज होता, सलग आणि जाडाभरडा. पाण्यात ध्वनी हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने धावतो, त्यामुळे तो कुठल्या बाजूने येतो हे कानांना ठरवता येत नाही. सगळीकडूनच प्रवाळ फुटत असल्याचा भास होतो. हा मासा जिवंत प्रवाळ आणि त्याखालचा चुनखडक दोन्ही चावून खातो, घशातल्या दातांनी त्याची भुकटी करतो आणि वाळू करून मागे सोडतो. एक मोठा बम्पहेड वर्षाला पाच टनांहून जास्त खडक असा दळतो, असं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मोजून काढलं आहे. जगभरातल्या पांढऱ्याशुभ्र किनाऱ्यांची कितीतरी वाळू पोपटमाशांच्या पोटातून आलेली असते. त्यांच्या त्या खाण्याने प्रवाळाचं नुकसानही होतं आणि त्याला नव्याने वाढायला जागाही मिळते. रात्री कळपाने एकाच ठिकाणी झोपण्याच्या त्यांच्या सवयीमुळे भाल्याने मारणं सोपं जातं, म्हणून अनेक बेटांवरून ते जवळजवळ नाहीसे झाले आहेत. इथे मात्र ते निजायला येतात आणि सकाळी सुखरूप बाहेर पडतात.

ऊन वर आलं की जहाज निराळं दिसतं. पाणी प्रकाशातले रंग एकेक करून गिळतं. तांबडा सगळ्यात आधी जातो, दहा मीटरवर तो करडा किंवा तपकिरी होऊन गेलेला असतो. म्हणून डाइव्हरच्या हातात दिवसाही विजेरी असते. विजेरी लावली की करड्या भिंतीवर लाल स्पंज, शेंदरी प्रवाळ, जांभळे सी फॅन उमटतात. मला दर वेळी प्रश्न पडतो की ज्या रंगांना तिथे कुणी तांबड्या रूपात बघत नाही ते तिथे कशासाठी असतील. एक उत्तर असं आहे की खोलात तांबडा म्हणजे जवळजवळ काळाच, आणि काळं असणं म्हणजे लपणं.

जहाजाच्या वरच्या अंगाला ट्रेव्हलींचा थवा असतो. चंदेरी, मोठ्या डोळ्यांचे मासे, एकामागोमाग एक, वर्तुळात. दिवसा ते असे एकत्र फिरत राहतात आणि रात्री शिकारीला पांगतात. त्यांच्या थव्याखाली गेलं की सूर्य झाकला जातो, थवा सरकला की पुन्हा उजेड पडतो. जहाजाच्या मोडक्या फळीखाली एक गोबरा तोंड उघडून थांबला होता. आमच्याकडे कोळणींच्या टोपलीत पाहिलेला तोच मासा, पण इथे त्याच्या उघड्या जबड्यात निळी-काळी पट्टी असलेला बोटभर क्लीनर रॅस बिनधास्त फिरत होता, त्याच्या गालफडातले परजीवी टिपत होता. या बोटभर माशाने आरशात स्वतःला ओळखण्याची परीक्षा पार केल्याचं जपानी संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलं, तेव्हा प्राण्यांच्या बुद्धीबद्दल मोठा वाद झाला. त्या दोघांकडे बघताना मला त्या वादाचं नवल वाटलं नाही. गोबऱ्याने एकदा जबडा किंचित मिटून खूण केली, छोटा मासा लगेच बाहेर पडला, गोबऱ्याने चूळ भरावी तसं पाणी फेकलं आणि पुन्हा तोंड उघडलं.

किनाऱ्यावरच्या डाइव्हचं आणखी एक सुख म्हणजे सेफ्टी स्टॉप. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं. खोलात रक्तात विरलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडायला वेळ हवा. होडीच्या डाइव्हमध्ये ही तीन मिनिटं निळ्या पाण्यात नुसतं लोंबकळत घड्याळ बघण्यात जातात. इथे उतार पायाशीच असतो, त्यामुळे तीनची पंधरा मिनिटं कधी होतात कळत नाही. पाच मीटरवरच्या काळ्या वाळूत गार्डन ईल राहतात. वामीच्या दूरच्या भाऊबंदांतले हे बारीक मासे जन्मभर आपल्या बिळात शेपूट रोवून उभे असतात, प्रवाहाकडे तोंड करून, वाहत येणारे सूक्ष्म जीव टिपत. आपण जवळ गेलो की पुढच्या रांगेपासून मागच्या रांगेपर्यंत क्रमाने सगळे बिळात जातात. स्थिर राहिलो, बुडबुडे कमी केले की त्याच क्रमाने परत वर येतात. मी त्यांच्यासमोर पोटावर तरंगत राहिले तेवढा वेळ मला दुसरं काही बघावंसं वाटलं नाही.

हे सगळं इथेच इतकं का, याचं उत्तर समोरच्या सामुद्रधुनीत आहे. प्रशांत महासागराचं पाणी इंडोनेशियाच्या बेटांमधून हिंदी महासागराकडे सतत वाहत असतं आणि त्याच्या मोठ्या वाटांपैकी एक म्हणजे बाली आणि लोंबोकमधली ही खोल खिंड. प्रवाहाबरोबर अन्न येतं, अळ्या येतात, थंड पाणी येतं. आल्फ्रेड रसेल वॉलेस १८५६ मध्ये ही खिंड ओलांडून गेला आणि अलीकडचे पक्षी आशियाचे, पलीकडचे ऑस्ट्रेलियाकडचे हे त्याच्या ध्यानात आलं. त्याच्या नावाची रेषा इथूनच जाते. ती जमिनीवरच्या प्राण्यांची. पाण्याखाली या भागात कुंपण नाही, उलट जगातल्या प्रवाळाच्या ज्ञात जातींपैकी तीन चतुर्थांश ज्या त्रिकोणात सापडतात त्याचं हे नैर्ऋत्येकडचं टोक.

जहाजापासून थोडं दूर, सेराया नावाच्या ठिकाणी, बघण्यासारखं काहीच नाही असं प्रथमदर्शनी वाटतं. काळी वाळू, मधूनच एखादा सी फॅन, एखादी पडलेली फांदी. इथे मोठं काही शोधायचंच नसतं. ब्ली एका सी फॅनजवळ थांबला आणि त्याने धातूच्या बारीक काडीचं टोक एका फांदीजवळ नेलं. मला फक्त गुलाबी गाठी दिसत होत्या. त्यांतली एक गाठ वळली. दोन सेंटिमीटरचा पिग्मी सीहॉर्स. १९६९ साली न्यू कॅलिडोनियात जॉर्ज बार्गिबांट नावाच्या संशोधकाने संग्रहालयासाठी सी फॅन गोळा केला, तो टेबलावर तपासताना त्याच्यावर हा प्राणी सापडला, तोवर तो कुणाला ठाऊकच नव्हता. त्याच्या अंगावरचे फोड सी फॅनच्या मिटलेल्या पॉलिपांच्या रंगाचे, मापाचे. एका फॅनवर तो जन्म काढतो. गर्भारपण नराकडे असतं, आणि मी पाहिलेल्याचं पोट फुगलेलं होतं. ब्लीने बोटांनी खूण केली, एकेकाने थोडाच वेळ, फ्लॅश नाही. तिथून मागे सरताना मी फिन्स अजिबात हलवल्या नाहीत, नुसत्या श्वासाने वर उचलले गेले. फुप्फुसं भरली की अंग वर येतं, रिकामी केली की खाली जातं, आणि हे एकदा साधलं की हातापायांना फारसं काम राहत नाही.

त्याच वाळूत रिबन ईल होता, पिवळ्या कडेचा गडद निळा. हा पोरवयात काळा, नर म्हणून निळा आणि पुढे मादी होऊन पिवळा होतो. एका बिळाच्या तोंडाशी मँटिस श्रिंपचे दोन डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरत होते. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, त्याच्याकडे बारा. तरीही जवळजवळचे रंग वेगळे ओळखण्यात तो आपल्यापेक्षा कच्चा आहे असं प्रयोगांत दिसलं. त्याचा डोळा बहुधा रंगांची तुलना करतच नाही, थेट नोंदवतो. मला ही माहिती त्या बारा प्रकारच्या पेशींपेक्षाही जास्त आवडते.

रात्रीच्या डाइव्हबद्दल थोडकंच सांगते. दिवसा जे प्रवाळ दगडासारखं दिसतं ते रात्री खऱ्या अर्थाने प्राणी होतं. प्रत्येक पॉलिप आपले स्पर्शक बाहेर काढून अन्न पकडत असतो. लहान जातीचे पोपटमासे कपारीत स्वतःभोवती पारदर्शक चिकट कोष विणून झोपलेले असतात आणि तो कोष त्यांना रक्तपिपासू परजीवींपासून वाचवतो. जहाजाच्या तोफेपाशी ब्लीने सगळ्यांना विजेऱ्या छातीशी दाबायला लावल्या. हात हलवला की पाण्यात निळ्या ठिणग्या उठत होत्या. त्या अंधारात ऐंशी वर्षांपूर्वीचा टॉर्पेडो मला पहिल्यांदा खराखुरा जाणवला, त्या लोखंडातली भीती जाणवली. आणि त्याच वेळी माझ्या डोक्याजवळ एक कोळंबी निवांत आपल्या मिशा स्वच्छ करत होती.

दुपारी दोन डाइव्हच्या मधल्या वेळात मी किनाऱ्यावरच्या चिंचोळ्या सावलीत बसायचे. समोर जुकुंग ओढून ठेवलेल्या असत. या बालीच्या मासेमारीच्या होड्या, दोन्ही बाजूंना बांबूच्या उलांड्या आणि नाळेवर रंगवलेले डोळे. मालवणच्या पातीला एका बाजूला उलांडी असते, इथे दोन्ही बाजूंना. रोज सकाळी कुणीतरी नाळेवर पानाच्या द्रोणात फुलं आणि उदबत्ती ठेवून जायचं. न्येपीच्या दिवशी यातली एकही होडी पाण्यात जात नाही, कुणी डाइव्हर उतरत नाही, विमानतळसुद्धा बंद असतो. बालीचा हा शक संवत्सराचा नववर्षदिन. आपला शक आणि त्यांचा शक एकच, त्यामुळे न्येपी कधी पाडव्याच्या आसपास, तर कधी नेमकी पाडव्याच्याच दिवशी येते. २०२३ मध्ये २२ मार्चला तसंच झालं होतं. वर्षातून एक पूर्ण दिवस साऱ्या किनाऱ्याने समुद्राला मोकळं सोडणं ही कल्पना मला अतिशय मोलाची वाटते.

अर्थात सगळंच असं नाही. याच किनाऱ्याने पुढे गेलं की लेस नावाचं गाव लागतं. तिथले मच्छीमार शोभेचे मासे पकडण्यासाठी प्रवाळात सायनाइड फवारायचे. मासा गुंगायचा, हातात यायचा, आणि त्याच्याबरोबर आजूबाजूचं प्रवाळ मरायचं. नंतर त्याच मच्छीमारांनी सायनाइड सोडून बारीक जाळ्यांनी मासे धरायला घेतलं आणि मेलेल्या प्रवाळाच्या जागी नवं लावायला घेतलं. शिवाय पावसाळ्यात डोंगरावरून येणारं प्लास्टिक आहेच. माझ्या डाइव्हमध्येही एका ॲनिमोनच्या गाठोड्यात चिप्सचं पाकीट अडकलेलं होतं, आणि त्याला तिथली विदूषक मासोळी पुन्हा पुन्हा धडका मारत होती. ती घरातली मोठी, म्हणजे मादी. ती गेली तर तिचा नर मादी होतो आणि पिल्लांतला मोठा नराच्या जागी येतो. ब्लीने पाकीट सोडवलं आणि जॅकेटच्या खिशात कोंबलं. त्याच्या खिशात आधीचीही दोन होती.

समुद्राचं तापणं मात्र खिशात घालून नेता येत नाही. एप्रिल २०२४ मध्ये जगातली चौथी व्यापक प्रवाळ-विरंजनाची घटना शास्त्रज्ञांनी जाहीर केली. पाणी बरेच आठवडे नेहमीपेक्षा गरम राहिलं की प्रवाळ आपल्या पेशींतलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. ते शेवाळच त्याला अन्न पुरवत असल्याने ते परतलं नाही तर प्रवाळ मरतं. जहाजाच्या वरच्या भागात मला पांढऱ्या फांद्या दिसल्या. खाली, जिथे थंड पाण्याची लाट अधूनमधून मांड्यांना स्पर्श करून जाते, तिथे रंग भरपूर होते. मी दोन्ही वहीत लिहून ठेवलं.

शेवटच्या संध्याकाळी ब्लीने विचारलं, तुमच्याकडे असं जहाज आहे का. मी त्याला आयएनएस गुलदारची गोष्ट सांगितली. भारतीय नौदलातून निवृत्त झालेलं हे जहाज सिंधुदुर्गात निवती रॉकजवळच्या समुद्रात बुडवून तिथे पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभिंत करण्याची योजना आहे. त्याने मन लावून ऐकलं आणि एकेक प्रश्न विचारत गेला. तेल, तारा, रंग सगळं आधी काढणार ना? किनाऱ्यावरून पोहत जाता येईल का? नाही म्हटल्यावर, मग होड्या नांगर कुठे टाकणार? इथे आमच्या जहाजावर नांगर पडत नाही, कारण सगळे चालत येतात, असं तो म्हणाला. तिथे बांधून ठेवायला कायमचे बोये हवेत, पहिल्याच दिवसापासून.

मग त्याने विचारलं, गावातल्या बायकांना त्यात काय काम मिळणार?

टँक वाहणाऱ्या बायकांपैकी एक जण, पन्नाशीच्या पुढची, जवळच बसून चुंबळीचं कापड पिळत होती. मी दोघांना वेंगुर्ल्याबद्दल सांगितलं. तिथे मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवनात फिरवतात, झाडांची नावं सांगतात, पक्षी दाखवतात. ब्लीने ते तिला बालीच्या भाषेत सांगितलं. वल्ही त्या स्वतःच मारतात का, हे तिने दोनदा विचारून घेतलं. मी हो म्हटल्यावर तिचा पुढचा प्रश्न आला, एका फेरीचे किती घेतात आणि आपसात कसे वाटतात. आकडा मला ठाऊक नव्हता. मी तिथूनच वेंगुर्ल्याच्या मैत्रिणीला फोन लावला.